ब्रूस लीच्या रिस्टोर केलेल्या डिस्क जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुळात जमवायचे तरी किती चित्रपट आहेत?

मोठेपणी त्याने मुख्य भूमिका केलेले मोजून पाच, आणि त्यातला शेवटचा तर पुरता त्याचा नाहीच. 'द बिग बॉस' (१९७१), 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२), 'द वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२), 'एन्टर द ड्रॅगन' (१९७३) आणि त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी जुळवाजुळव करून पडद्यावर आणलेला 'गेम ऑफ डेथ' (१९७८). २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये ब्रूस ली गेला तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता आणि 'एन्टर द ड्रॅगन' अजून प्रदर्शितही झाला नव्हता.

पाच चित्रपट म्हटल्यावर वाटते, एका दुपारी खरेदी उरकेल. तसे होत नाही. या पाचांच्या भाषा निरनिराळ्या, लांबी निरनिराळी, पार्श्वसंगीत निरनिराळे, एवढेच काय, नावेसुद्धा देशागणिक बदललेली. म्हणून माझ्या कपाटात एकेक चित्रपट चार-चार, पाच-पाच रूपांत आहे, आणि त्यातले एकही मला जास्तीचे वाटत नाही.

'फिस्ट ऑफ फ्युरी' मागवला आणि बर्फाच्या कारखान्याची गोष्ट निघाली. चुकीची डिस्क आली का?

डिस्क चुकीची नाही, नावाची गल्लत आहे, आणि ती पन्नास वर्षे जुनी आहे. बर्फाच्या कारखान्याची, लादीत गोठवलेल्या प्रेतांची गोष्ट म्हणजे 'द बिग बॉस'. अमेरिकेत तो 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' या नावाने लागला. म्हणजे मूळ 'फिस्ट ऑफ फ्युरी'शी फरक फक्त अनेकवचनाचा. मग खऱ्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'ला तिथे 'द चायनीज कनेक्शन' हे नाव मिळाले. हे नाव खरे तर अमली पदार्थांच्या तस्करीच्या गोष्टीला, म्हणजे 'द बिग बॉस'ला शोभणारे होते. नावांची अदलाबदल झाली असे सांगितले जाते आणि गोष्टी पाहिल्या की ते पटते. 'द वे ऑफ द ड्रॅगन' अमेरिकेत 'एन्टर द ड्रॅगन'नंतर, १९७४ मध्ये आला, तोही 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' म्हणून, जणू पुढचा भागच.

त्यामुळे जुनी अमेरिकन डिस्क घेताना कव्हरवरचे नाव वाचू नका, वर्ष आणि ठिकाण वाचा. थायलंड असेल तर 'द बिग बॉस', शांघाय असेल तर 'फिस्ट ऑफ फ्युरी', रोम असेल तर 'द वे ऑफ द ड्रॅगन'. ही खूण कधी दगा देत नाही.

'रिस्टोर केलेली प्रत' म्हणजे नेमके काय केलेले असते?

शक्यतो मूळ कॅमेरा निगेटिव्ह शोधतात. ती नसेल किंवा खराब झालेली असेल, तर तिच्यावरून काढलेली पुढची प्रत घेतात. फिल्म स्वच्छ करतात, कडेची फाटलेली भोके आणि उसवलेले जोड दुरुस्त करतात, मग एकेक चौकट स्कॅन करतात. त्यानंतर संगणकावर धूळ, ओरखडे आणि चित्राची थरथर काढली जाते, उडालेले रंग सावरले जातात. आवाजाचे काम वेगळे चालते.

नुसत्या 'रीमास्टर' या शब्दावर मात्र विसंबू नका. जुन्याच टेपवरून नवी डिस्क काढली, थोडी चमक वाढवली, तरी कव्हरवर तो शब्द छापता येतो. पाहायचे ते हे : स्कॅन कशावरून केला, केव्हा केला, कोणत्या प्रयोगशाळेने केला. हे काम अभिमानाने करणारी कंपनी सोबतच्या पुस्तिकेत ते लिहिते.

ब्रूस लीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे कोडे सुटते. रेमंड चाऊ यांच्या गोल्डन हार्वेस्ट या हाँगकाँगच्या चित्रसंस्थेचे जुने चित्रपट आज फॉर्च्युन स्टार या कंपनीकडे आहेत आणि त्यातल्या ब्रूस लीच्या चौघांचे ४के (आडव्या रेषेत सुमारे चार हजार बिंदूंचे) रिस्टोरेशन इटलीतल्या बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेने केले. 'एन्टर द ड्रॅगन' मात्र वॉर्नर ब्रदर्सचा. म्हणून तो बाकीच्या चौघांबरोबर एका खोक्यात येणे ही दुर्मीळ गोष्ट, आणि त्याचे चित्रही इतरांहून वेगळ्या हाताचे दिसते.

नव्या प्रतीत सगळे पिवळट का दिसते? माझा टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही ठीक आहे. बोलोन्याच्या या प्रयोगशाळेच्या अनेक कामांवर हाच आक्षेप घेतला जातो, की पांढरा रंग पिवळ्याकडे झुकतो आणि सावल्या हिरवट होतात.

माझी स्वतःची परीक्षा सांगतो. 'फिस्ट ऑफ फ्युरी'च्या सुरुवातीला गुरूच्या निधनाची बातमी ऐकून नायक चेन झेन (ब्रूस ली) भर पावसात येतो, अंगात पांढरा सूट. मी कुठलीही नवी डिस्क आली की पहिल्यांदा तिथे जाऊन थांबतो. तो सूट पांढरा आहे, साईच्या रंगाचा आहे, की हळदीचा हात लागल्यासारखा आहे? मग त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. गालाच्या कातडीत थोडी लाली उरली आहे का? दोन डिस्क पाठोपाठ लावून हाच एक क्षण पाहिला की लेखी परीक्षणे वाचायची गरज उरत नाही.

तरीही 'जुना रंग खरा, नवा खोटा' असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जुन्या डीव्हीडीवरचा निळसर, थंड रंग हासुद्धा कुणीतरी व्हिडिओ यंत्रावर ठरवलेलाच होता. आणि 'बरोबर आहे' म्हणून मान हलवायला आज कोण आहे? पहिल्या दोन चित्रपटांचे दिग्दर्शक लो वेई १९९६ मध्ये गेले. 'द वे ऑफ द ड्रॅगन' तर ब्रूस लीने स्वतः दिग्दर्शित केला होता. दिग्दर्शकाने मंजूर केलेला रंग हा शिक्का या चित्रपटांना कधीच मिळणार नाही. म्हणून वेगवेगळ्या काळातल्या प्रती जवळ ठेवणे हाच मला प्रामाणिक मार्ग वाटतो.

चित्रात दाणे दिसतात. मग रिस्टोर काय केले?

दाणे म्हणजे फिल्मच. तोच चित्राचा पोत. ते पुसायला गेले की त्यांच्याबरोबर घामाचे थेंब, कापडाची वीण, दंडावरची शीर हेही पुसले जाते आणि माणसे मेणाची दिसू लागतात.

'एन्टर द ड्रॅगन'मधली आरशांची खोली लावा. ब्रूस लीच्या छातीवर आणि पोटावर खलनायक हानच्या पोलादी नख्यांचे लाल ओरखडे आहेत. चांगल्या प्रतीत त्या ओरखड्यांची कड ताजी, किंचित उंचावलेली दिसते, खाली स्नायू हलतो तेव्हा रेघही हलते. दाणे घासून काढलेल्या प्रतीत तीच रेघ पेनाने ओढल्यासारखी सपाट होते. ज्या माणसाने आपले शरीर एवढ्या कष्टाने घडवले, त्याच्या शरीराचा तपशील सफाईच्या नावाखाली घालवणे मला सहन होत नाही. दाणे असू द्या.

मूळ आवाज कोणता? कँटोनीज, मँडरिन की इंग्रजी?

सगळ्यात जास्त वाद या प्रश्नावर होतात, आणि एका शब्दात उत्तर नाही.

त्या काळात हाँगकाँगमध्ये चित्रीकरण करताना आवाज टेपच होत नसे. सगळे संवाद नंतर स्टुडिओत भरले जात, बहुतेकदा दुसऱ्याच कलाकारांच्या आवाजात. आणि १९७१-७२ मध्ये तिथल्या पडद्यावर राज्य होते मँडरिनचे, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेचे. ब्रूस ली वाढला हाँगकाँगची कँटोनीज बोलत, तरी 'द बिग बॉस' आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी' लागले ते मँडरिनमध्ये. म्हणजे 'मूळ भाषेत बघायचे' म्हणून जो कँटोनीज निवडतो, तो खरे तर पुढे तयार केलेला ट्रॅक ऐकत असतो. आणि मँडरिन निवडणाऱ्यालाही संवादांत ब्रूस लीचा स्वतःचा आवाज मिळत नाही. तो हवा असेल तर 'एन्टर द ड्रॅगन'चा इंग्रजी ट्रॅक. तिथे बोलतो तो तोच.

'द बिग बॉस'ची गंमत आणखी वेगळी. मँडरिन आवृत्तीला वांग फू-लिंग यांचे संगीत, इंग्रजी आवृत्तीला जर्मन संगीतकार पीटर थॉमस यांचे, आणि १९८३ च्या कँटोनीज आवृत्तीत जोसेफ कू यांचे संगीत, शिवाय मध्येच पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिम्सनच्या तुकड्यांची सरमिसळ. एकच मारामारी तीन संगीतांवर बघा. मँडरिनमध्ये ती जुन्या लोककथेसारखी वाटते, इंग्रजीत साहसपटासारखी. चित्रपट तोच, पण अंगावर येणारा काटा वेगळ्या जागी येतो. म्हणून डिस्क घेताना मी चित्राआधी मागच्या बाजूची ध्वनीची यादी वाचतो.

आणखी एक. कव्हरवर '५.१' (चहूबाजूंच्या स्पीकरांतून येणारा आवाज) दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. जुन्या हाँगकाँग डीव्हीडींवर असे ट्रॅक करताना मूळ ठोसे-लाथांचे आवाज काढून नवे भरले गेले. त्या काळच्या मारामारीचा तो कोरडा, चाबूक ओढल्यासारखा फटका गेला की दृश्याचा दमच जातो. 'मोनो', म्हणजे एकाच वाहिनीतला जुना आवाज, हा शब्द शोधा. तो असला की माझा जीव भांड्यात पडतो.

माझ्या डीव्हीडीची लांबी ब्लू-रेपेक्षा चार मिनिटांनी कमी आहे. कुठली दृश्ये कापलीत?

बहुधा एकही नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीच्या (युरोप-भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी पळवतात. त्यामुळे ९९ मिनिटांचा चित्रपट ९५ मिनिटांत संपतो. आवाजही किंचित चढा लागतो. गणित सोपे आहे : पालची मिनिटे गुणिले २५, भागिले २४.

उत्तर जुळले नाही तर मात्र खरीच कात्री लागलेली असू शकते, आणि ब्रूस लीवर ती भरपूर चालली आहे. ब्रिटनमध्ये सेन्सॉर मंडळाला नानचाकूचे, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या शस्त्राचे वावडे होते. १९७९ च्या शेवटी 'एन्टर द ड्रॅगन'मधूनही नानचाकू काढून टाकले गेले आणि थेट २००१ मध्ये तो चित्रपट तिथे पूर्ण रूपात मंजूर झाला. म्हणजे दोन दशकांहून जास्त काळ तिथल्या प्रेक्षकाने तळघरातल्या त्या मारामारीचा कळसच पाहिला नाही. जुनी ब्रिटिश कॅसेट संग्रहात असेल तर टाकू नका. सेन्सॉरची कात्री कशी चालायची त्याचा तो हातात धरता येईल असा पुरावा आहे.

उलटा प्रकारही आहे, म्हणजे नंतर वाढवलेली लांबी. 'एन्टर द ड्रॅगन'ची १९७३ ची प्रत ९९ मिनिटांची. पुढे २५ वर्षे झाल्यानिमित्त जी आवृत्ती आली, ती १०२ मिनिटांची. वाढलेल्या मिनिटांत मुख्यतः मठातल्या गुरूबरोबरचा संवाद आहे, ज्यात ब्रूस ली आपले युद्धकलेचे तत्त्वज्ञान मांडतो. बरीच वर्षे हीच लांब आवृत्ती सगळीकडे मिळायची आणि चित्रपटगृहातली मूळ प्रत दुर्मीळ होऊन बसली होती. मला दोन्ही हव्यात. संवाद मोलाचा आहे यात शंका नाही, पण छोट्या आवृत्तीची चाल जास्त नेटकी आहे.

'गेम ऑफ डेथ' घेण्यासारखा आहे का? सगळे त्याला नावे ठेवतात.

१९७८ चा चित्रपट म्हणून त्याला नावे ठेवतात, आणि ती रास्त आहेत. पण त्याच्या पोटात जे आहे त्यासाठी हा चित्रपट माझ्या संग्रहाच्या मधोमध आहे.

ब्रूस लीने १९७२ मध्ये याचे काम सुरू केले. कल्पना अशी : पाच मजल्यांचा पगोडा, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या युद्धकलेचा राखणदार, आणि एकेकाला हरवत वर जायचे. वरच्या मजल्यांचे चित्रीकरण झाले. त्यात त्याचा शिष्य आणि मित्र डॅन इनोसँटो आहे, हापकिडो या कोरियन युद्धकलेचे ची हान-जे आहेत, आणि सर्वांत वर सव्वासात फुटांच्या आसपास उंचीचा बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार. अंगात तो पिवळा, काळ्या पट्ट्यांचा पोशाख. मग 'एन्टर द ड्रॅगन'ची संधी आली, हे काम बाजूला पडले आणि पुन्हा हाती घ्यायला तो राहिला नाही.

१९७८ मध्ये 'एन्टर द ड्रॅगन'चेच दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउज यांनी निराळी गोष्ट रचली, तोतये उभे केले, जुन्या चित्रपटांतले तुकडे घातले, त्याच्या अंत्ययात्रेची खरी दृश्येसुद्धा वापरली. एका ठिकाणी आरशापुढे बसलेल्या तोतयाच्या चेहऱ्याच्या जागी आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचे कापलेले चित्र चिकटवले आहे. कॅसेटवर ते पुसट असल्याने निभावून जायचे. रिस्टोर केलेल्या प्रतीत त्या कागदाची कड स्वच्छ दिसते. मान हलते, चेहरा हलत नाही. मी ते दृश्य पहिल्यांदा इतके स्पष्ट पाहिले तेव्हा टीव्ही थांबवून बराच वेळ बसून राहिलो. माणूस गेल्यावर त्याच्या चेहऱ्याचे काय केले जाऊ शकते, ते एवढ्या जवळून बघवत नाही.

त्याने स्वतः चित्रित केलेला भाग त्या चित्रपटात जेमतेम अकरा मिनिटे आहे. जेम्स टिएन आणि चिएह युआन हे पगोड्यात त्याच्याबरोबर चढणारे दोन साथीदार तर त्यातून पार वगळले गेले. २००० च्या सुमारास ते जुने चित्रीकरण मोठ्या लांबीत पुढे आले आणि तेव्हापासून ते निरनिराळ्या जुळणीत पाहायला मिळते. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीच्या सेटमध्ये 'गेम ऑफ डेथ रिडक्स' या नावाने त्याची जी नवी मांडणी आहे, ती मी आधी पाहायला सांगेन. तिथे लढत श्वास घेते. तो थांबतो, समोरच्याला जोखतो, साथीदारांकडे बघतो. अकरा मिनिटांत कापून टाकला होता तो हा सगळा विचार.

शेवटी सेट कोणता घेऊ?

एकच घ्यायचा असेल आणि ब्लू-रेवर समाधान असेल तर क्रायटेरियनचा २०२० चा सात डिस्कचा बॉक्स. चार गोल्डन हार्वेस्ट चित्रपटांची ४के रिस्टोरेशन, त्यांचे मूळ मोनो ध्वनी, 'एन्टर द ड्रॅगन'ची ९९ आणि १०२ मिनिटांची दोन्ही रूपे, 'रिडक्स' आणि वर १९८१ चा 'गेम ऑफ डेथ २'. दोन वेगळ्या मालकांचे चित्रपट एका खोक्यात आणणे हेच त्याचे मोठे काम.

४के यंत्रणा असेल तर ॲरो व्हिडिओ या ब्रिटिश कंपनीचा २०२३ चा गोल्डन हार्वेस्ट सेट. तो घ्यायचे माझे कारण मात्र चित्राची धार नाही. त्यात 'द बिग बॉस'चा लांब मँडरिन कट आहे, जो बरीच वर्षे हाती लागत नव्हता. त्याच वर्षी 'एन्टर द ड्रॅगन'ला ५० वर्षे झाली, तेव्हा वॉर्नरची ४के डिस्कही आली.

दोन्ही सेट परवडत नसतील तर घाई करू नका. आधी एकच चित्रपट सुटा घ्या, तो नीट बघा आणि आपल्याला काय खुपते ते ओळखा. रंग खुपतो की आवाज, त्यावर पुढची खरेदी ठरते.

परदेशातून मागवलेली डिस्क माझ्या प्लेअरवर चालेल का?

४के डिस्कवर रीजनचे, म्हणजे जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरवरच चालण्याचे बंधन नसते. ब्लू-रेवर असू शकते : ए म्हणजे अमेरिका, जपान, कोरिया, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया, बी म्हणजे युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, ऑस्ट्रेलिया, सी म्हणजे चीन, भारत, रशिया आणि आसपासचे देश. क्रायटेरियनचा सेट रीजन ए आहे. डीव्हीडीचे आकडे वेगळे, हाँगकाँग ३ आणि भारत ५. बऱ्याच जणांची फसगत होते ती अशी, की खोक्यातली ४के डिस्क चालते आणि पुरवणी म्हणून दिलेली ब्लू-रे अडते. संग्रह वाढणार असेल तर सर्व रीजन वाचणारा प्लेअर आधी घ्या, डिस्क नंतर.

४के खरेच लागते?

पडदा मोठा असेल आणि तुम्ही जवळ बसत असाल तर फरक दिसतो. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर येताना जसे डोळे विस्फारतात, तसे ब्लू-रेवरून ४केवर येताना होत नाही. मात्र एक चमत्कार तिथेच पाहिला. 'द वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये कलोसियममधली चक नॉरिसबरोबरची लढत बरीचशी हाँगकाँगच्या स्टुडिओत चित्रित झाली आहे. मोठ्या पडद्यावर ४के लावल्यावर मागच्या कमानी रंगवलेल्या आहेत हे कळते. भिंतीवरचा उजेड जागचा हलत नाही, पुढे लढणाऱ्यांच्या सावल्या मात्र हलतात. काहींना यामुळे रसभंग झाल्यासारखे वाटते. मला तर त्या अनामिक चित्रकारांची ओळख झाल्यासारखे वाटले. रंगवलेल्या पडद्यापुढे, दोन माणसांच्या श्वासावर रोम उभे केले त्यांनी.

टीव्हीवर काय बदलू?

सर्वांत आधी हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. ती दोन चौकटींमध्ये स्वतः बनवलेल्या खोट्या चौकटी घालते. ब्रूस लीचा ठोसा दोन-तीन चौकटींत जातो आणि येतो. त्यात यंत्राने बनवलेला हात घुसला की वेग मरतो आणि मनगटाभोवती पाण्यासारखी थरथर दिसते. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. शार्पनेस अगदी खाली आणा.

आणि वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला चित्र ताणू नका. जुन्या कॅसेटवर चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी रुंद चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापला जाई. दोघांच्या लढतीत एक जण चौकटीबाहेर. लाथ दिसायची, लागलेला माणूस दिसायचा नाही. त्या पट्ट्यांमुळेच आज दोघेही दिसतात.

खोटी डिस्क कशी ओळखावी?

मी एकदा फसलो आहे. एका विक्रेत्याने छायाचित्रात अस्सल खोके दाखवले, हाती आले तेही हुबेहूब. डिस्क काढून उलटी केली तर खालचा भाग गडद जांभळट. कारखान्यात ठशावरून छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चांदीसारखी किंवा सोनेरी झाकेची असते, आणि आतल्या कड्यावर बारीक कोरलेला क्रमांक असतो. घरी भरलेल्या डिस्कवर रंगद्रव्याची झाक दिसते. ब्लू-रेमध्ये झाकेवरून पटकन कळत नाही, तिथे आतल्या कड्यावरची अक्षरे भिंगाने वाचा. कव्हरवरची पुसट छपाई आणि कंपनीच्या यादीत नसलेली 'सर्व चित्रपट एका डिस्कवर' अशी आवृत्ती, या दोन खुणाही पुरेशा बोलक्या.

कव्हरवर ब्रूस लीसारखा दिसणारा कुणीतरी आहे, नाव 'ब्रूस ली' नाही. हे काय?

त्याच्या मृत्यूनंतर बाजारात तोतयांची लाटच आली. ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांनी कितीतरी चित्रपट निघाले. तो आज स्वतंत्र अभ्यासाचा प्रकार झाला आहे आणि त्यांचेही रिस्टोरेशन होऊ लागले आहे. ब्रूस लाय या नावाने वावरलेला हो चुंग-ताओ चांगला अभिनेता होता, दुसऱ्याच्या सावलीत आयुष्य गेले त्याचे. हवे तर वेगळा कप्पा करा, पण ब्रूस ली समजून घेऊ नका.

लिमिटेड एडिशन हुकली. आता चढ्या भावाने घेऊ?

थांबा. बऱ्याचदा काही महिन्यांनी त्याच डिस्क साध्या वेष्टनात येतात. जाते ते पुस्तक, पोस्टर आणि पुठ्ठ्याचे खोके. पुस्तिकेतले लेख हवे असतील तर गोष्ट वेगळी, त्यासाठी मीही जास्त मोजले आहेत. घेण्याआधी एवढेच तपासा की एखादी डिस्क फक्त मर्यादित आवृत्तीतच होती का.

नवा सेट आला. जुन्या डीव्हीडी आणि व्हीसीडी देऊन टाकू?

कृपा करून नको. एखादे डबिंग, एखादी मुलाखत, एखादे समालोचन फक्त त्या जुन्या डिस्कवरच असते आणि हक्कांच्या भानगडीत ते पुढच्या आवृत्तीत येत नाही. हाँगकाँग लेजेंड्स या बंद पडलेल्या ब्रिटिश लेबलच्या डीव्हीडी मी याच कारणाने जपल्या आहेत. त्यांवरची बे लोगन यांची समालोचने ऐकत मी हे चित्रपट शिकलो.

व्हीसीडीचे चित्र आज डोळ्यांना बोचते हे मान्य. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपासच मावायचे, म्हणून चित्रपट दोन डिस्कवर. माझ्या 'द वे ऑफ द ड्रॅगन'ची पहिली डिस्क ऐन गल्लीतल्या मारामारीनंतर संपते. डिस्क बदलताना उठायचे, यंत्राचा कप्पा बाहेर येताना घरघर व्हायची, आणि तेवढ्यात कुणीतरी हवेत लाथ मारून बघायचे. ती डिस्क अजून चालते.

जपायच्या कशा?

पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. हात फक्त कडेला लावा. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा ०.६ वर. ब्लू-रेवर कठीण लेप असतो खरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पुठ्ठ्याच्या घट्ट खाचांत बसवलेल्या डिस्क ओढून काढताना ओरखडे पडतात. तशा माझ्या सगळ्या मी साध्या प्लास्टिकच्या पेटीत हलवल्या आहेत आणि मूळ खोके शेजारी ठेवले आहे.

लहानपणीचे चित्रपट मिळतात का?

काही मिळतात. 'द किड' (१९५०), 'थंडरस्टॉर्म' (१९५७) आणि 'द ऑर्फन' (१९६०) हे शोधण्यासारखे. त्यांत मारामारी शोधू नका. 'द किड'मध्ये तो नऊ-दहा वर्षांचा आहे, आणि नाकाला अंगठा पुसून समोरच्याकडे रोखून बघतो. 'द वे ऑफ द ड्रॅगन' लावून ती लकब पुन्हा बघा.